बुडणाऱ्या होडीचा सिनेमा

मित्रांनो, बोईसरजवळच्या सालवडच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये गोणपाट पांघरून जे कपाटासारखे काही उभे आहे, ते कपाट नव्हे. मी एक जुना व्हिडिओ गेम आहे. माझी काच आता काळी पडली आहे. एके काळी याच काचेत निळा समुद्र उसळत असे आणि तो पाहण्यात बोईसरचे कामगार पाळी सुटल्यावर घरी जायचे विसरत.

माझा जन्म मुंबईत झाला. प्लायवूडचे अंग, पोटात तारांचे जंजाळ, समोर एक दांडा आणि दोन लाल बटणे. १९९०च्या सुमारास कमलाकांतने मला बोईसरला आणले. तो लग्नांचे व्हिडिओ शूटिंग करी. स्टेशनजवळ त्याचे कॅसेटचे दुकान होते. मागच्या बाजूला बाकडी टाकून तो टीव्हीवर सिनेमे दाखवी आणि त्या टीव्हीच्या समोरच्या कोपऱ्यात मी उभा असे.

माझा खेळ साधा होता. एक होडी आणि होडीत एक माणूस. समोरून खडक येत, लाटा येत. दांडा फिरवून होडी वाचवायची. आपटली की ती बुडे आणि लगेच दुसरी होडी वर येई. तीन होड्या संपल्या की खेळ संपला. किनारा माझ्यात कुठेच नव्हता. ज्यांनी मला बनवले, त्यांनी तो काढलाच नव्हता.

माझ्यावर सर्वांत चांगला हात होता जिवल्याचा. तो तारापूरजवळच्या मांगेल आळीतला. घरचा धंदा मासेमारीचा. पण त्याचा थोरला भाऊ रामा एका वादळात होडीसकट गेला तो सापडलाच नाही. तेव्हापासून जिवल्याने समुद्रात पाय टाकला नव्हता. तो कापडाच्या कारखान्यात कामाला लागला. घरी आई गोदूबाई आणि रामाची बायको जमुना अशा दोघी होत्या.

एकदा त्याच्या खात्यातल्या आनंदा नावाच्या कामगाराने त्याला चिडवले, "अरे, खरी होडी सोडून या डब्यात काय वल्हवतोस?"

जिवल्या दांड्यावरचा हात न काढता म्हणाला, "इथली बुडते ती परत वर येते."

माझ्याभोवतीची गर्दी पाहून कमलाकांतच्या मनात एक कल्पना आली. या खेळाचाच सिनेमा काढायचा आणि जिवल्याला होडीतला माणूस करायचे! तो माझ्यासमोर स्टूल टाकून बसू लागला. पण जितका वेळ बसे तितका तो गोंधळून जाई.

"हा माणूस आहे कोण? निघालाय कुठे?" त्याने जिवल्याला विचारले.

"तो कुठं जात नाय. तो नुसता बुडायचा वाचतो."

"सिनेमात तसं चालत नाही रे. लोक विचारतील. आणि एकदा बुडालेला परत कसा आला, तेही विचारतील."

मित्रांनो, खेळणाऱ्याला उत्तर लागतच नाही, कारण होडीतला माणूस तो स्वतःच असतो. पाहणाऱ्याला मात्र माणूस दाखवावा लागतो, त्याचे घर दाखवावे लागते, त्याची वाट पाहणारे कुणी तरी लागते. कमलाकांतने हे सगळे शोधले आणि ते त्याला जिवल्याच्याच घरात सापडले. तुफानात सापडलेला कोळी होडी वाचवत वाचवत शेवटी किनाऱ्याला लागतो, अशी गोष्ट त्याने जुळवली. किनाऱ्यावर उभी राहायला जमुना तयार झाली. पेटीतला रामाचा चौकड्यांचा सदरा तिनेच काढून दिला. "ठेवून काय करू? घाल तू," ती दिराला म्हणाली. तिच्या मनात काही वाईट नव्हते. कुणाच्याच मनात नव्हते.

शूटिंग त्यांच्याच किनाऱ्यावर झाले. होडी उथळ पाण्याबाहेर न्यायची नाही, या अटीवर जिवल्या तीत चढला. कमलाकांतने थर्माकोलचे खडक केले होते. ते वाऱ्याने उडून गेले. माझी होडी चुटकीसरशी वळे, खरी होडी वळायला वेळ घेई. मग शेवटचा प्रसंग आला. तो मी नंतर समोरच्या टीव्हीवर पाहिला. होडी किनाऱ्याला लागते. जिवल्या उतरू लागतो, पण पाण्याकडे पाहून त्याचा पाय क्षणभर हवेतच थांबतो. तेवढ्यात बघ्यांच्या गर्दीतून एक म्हातारी पदर सावरत पाण्यात धावते.

"रामा आला! जमुना गो, माझा रामा आला!"

ती गोदूबाई होती. दिवस मावळतीला आला होता, तिची नजर अधू होती आणि जिवल्याच्या अंगावर रामाचाच सदरा होता. तिने जिवल्याच्या कमरेला मिठी मारली. जिवल्याने तिला सावरले. मग तो म्हणाला, "होय आये. आलो."

तेवढे एक वाक्य त्याला भारी पडले. त्या दिवसापासून गोदूबाई त्याला रामाच म्हणू लागली. समजावले तर ती हसे. रामाच्या आवडीचे बोंबील त्याला वाढी आणि शेजारी एक ताट झाकून ठेवी.

"हे कुणाचं?" असे विचारले की म्हणे, "जिवल्याचं. अजून कामावरून नाय आला."

हे सांगताना जिवल्या माझ्यापुढे उभा होता, पण त्याने दांड्याला हात लावला नाही. "कमलाकांतभाऊ," तो म्हणाला, "आमच्या घरात आता मीच हरवलोय."

जमुनाही दुकानात आली. "म्हातारीचं ते धावणं काढून टाका," ती म्हणाली.

"वहिनी, अख्ख्या सिनेमात तेवढंच खरं आहे."

"म्हणून तर काढा."

कमलाकांतने तो भाग काढून टाकला.

सिनेमा लागला तेव्हा दुकान भरून गेले होते. सवयीने लोक ओरडू लागले, "डावीकडे घे! अरे, डावीकडे!" पडद्यावरची होडी कुणाचे ऐकेना. उडणारे खडक पाहून हशा पिकला. "आपल्या हातात काहीच नाही, मग बघायचं काय?" असे म्हणत एकेक जण उठला आणि माझ्याभोवती येऊन उभा राहिला. त्या दिवशी माझी बटणे एकसारखी वाजत होती, पण मला आनंद झाला नाही. रिकाम्या बाकड्यांमध्ये कमलाकांत एकटा बसला होता.

नंतर एका दुपारी गोदूबाई आली. तुझा पोर टीव्हीत दिसतो, असे बाजारातल्या कुणी तरी तिला सांगितले होते. सोबत जमुना आणि जिवल्या होते. "मला माझा रामा दाखव," ती कमलाकांतला म्हणाली आणि टीव्हीच्या अगदी जवळ जमिनीवर बसली.

तिने सगळा सिनेमा पापणी न हलवता पाहिला. होडी किनाऱ्याला लागली. पाय हवेत थांबला. गोदूबाई पुढे वाकली.

"परत दाखव."

कमलाकांतने परत दाखवले.

"रामा असा नाय उतरायचा," ती हळूच म्हणाली. "तो उडी मारायचा. हा पाण्याला भितोय." मग तिने मागे वळून जिवल्याचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. "हा माझा जिवल्या हाय. पोरा, इतके दिस मी तुला रामा म्हणत होते, तू बोलला का नाय?"

"तू हसत होतीस, आये."

तेव्हा गोदूबाई रडली. रामा गेल्यावर ती रडली नव्हती, असे जमुना पुढे सांगे. त्या दुपारी ती रामासाठी पोटभर रडली आणि तिचे डोके जिवल्याच्या खांद्यावर होते. कमलाकांतने टीव्ही बंद केला. माझ्या काचेतली होडी मात्र कुणी खेळत नसतानाही आपटत होती, बुडत होती, पुन्हा वर येत होती. मला ती कशी थांबवावी हे कळेना.

गोदूबाई त्यानंतर फार जगली नाही. जिवल्या पुन्हा माझ्याकडे आला नाही. घरोघरी नवे खेळ आले, दुकान बंद पडले आणि कमलाकांतने मला इथे आणून ठेवले. खारे वारे माझे खिळे खात आहेत. माझी दुरुस्ती करा, असे मी म्हणणार नाही.

मित्रांनो, एवढेच मागतो. कुणाच्या घरातले दुःख घेऊन गोष्ट रचाल, तर आधी त्या घरात थोडे बसा. आणि जिथे गेलेल्या माणसासाठी सगळे झुरत असतील, तिथे मागे उरलेल्याला त्याच्या नावाने हाक मारा.