चूक पहिल्या तासातच सांगायची

अक्षता कामाला लागली तेव्हा एप्रिल संपत आला होता, आणि शाळांचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात त्या दिवसांत कुणाला मान वर करायलाही सवड नसते. सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतल्या त्या कारखान्यात तिला ऑर्डर विभागात घेतलं होतं. शाळांचे फोन घ्यायचे, कोणत्या वर्गाला काय हवं ते विचारायचं आणि ते कटिंगच्या टेबलापर्यंत पोचवायचं, एवढंच काम. ऐकायला सोपं. अक्कलकोटच्या बाजूच्या खेड्यातून आलेली, शहरातल्या जुळे सोलापूर भागात मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहणारी अक्षता पहिल्या दिवशी सगळ्यांसाठी पेढे घेऊन आली.

मालक गुरुशांत अण्णांनी पेढा तोंडात टाकत म्हटलं, "हितं आपण सगळे एका घरातले बघ. काही संकोच करू नको."

तिला भरून आलं. दुपारी जेवताना तिने हे विभागाच्या प्रमुख राजेश्वरी मॅडमना सांगितलं. मॅडम पन्नाशीच्या, शहराच्या पूर्व भागात राहणाऱ्या. घरी तेलुगू, कारखान्यात ठसठशीत सोलापुरी मराठी. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तिच्याकडे न बघताच बोलायला लागल्या.

"अण्णा माणूस चांगला आहे. पण हे घर नव्हे. घरात रुसलीस तर आई जेवायला हाक मारते. इथं रुसलीस तर तुझ्या खुर्चीवर दुसरी येऊन बसते."

अक्षताचा घास हातातच राहिला.

"वाईट वाटलं? वाटू दे. अजून ऐक. काम चांगलं केलं की कुणीतरी बघत असेल, असं समजू नको. कुणी बघत नाही. ज्याचं त्याला पडलेलं असतं. आपण जाऊन सांगायचं, हे मी केलं म्हणून. आणि माझ्या भरवशावर राहू नको. अण्णा चारचौघांत तुला बोलले तर मी मध्ये पडणार नाही. माझंही पोट इथंच आहे की."

"मग मी करायचं काय, मॅडम?" अक्षताने विचारलं.

"काम कर. चुका होतील, त्या सगळ्यांच्या होतात. पण चूक कळली की पहिल्या तासात सांगायची. तेव्हा ती नुसती चूक असते. दुसऱ्या दिवशी सांगितलीस तर लबाडी होते."

एवढं बोलून त्यांनी डबा बंद केला. अक्षता त्या संध्याकाळी खोलीवर जाऊन मैत्रिणींना म्हणाली, "आमची मॅडम म्हणजे नुसता ठेचा आहे." त्यापेक्षा डिस्पॅचमधला संगमेश बरा, असं तिला वाटायचं. तो चहाला हाक मारायचा, अण्णांची नक्कल करून हसवायचा आणि 'टेन्शन घेऊ नको' हे वाक्य दिवसातून किती वेळा म्हणायचा याला गणती नव्हती.

मे महिना मध्यावर आला. एका सकाळी अक्षता कटिंग विभागात गेली, तर रावजी मास्तर अकलूजच्या एका शाळेच्या निळ्या कापडावर मशीन चालवत होते. रावजी जुने, कारखाना सुरू झाल्यापासूनचे. त्यांच्या मागे कापलेल्या हाफ पँटांचे गठ्ठे रचून ठेवले होते. अक्षता ते बघत उभी राहिली आणि तिला एकदम एक फोन आठवला.

मागच्या आठवड्यात त्या शाळेतल्या सरांचा फोन आला होता. या वर्षीपासून सहावी-सातवीच्या मुलांना हाफ पँट नको, फुल पँट हवी, असं त्यांनी सांगितलं होतं. ती 'हो सर, हो सर' म्हणाली होती. तेवढ्यात दुसरा फोन वाजला, मग कापडाची गाडी आली, आणि ही गोष्ट डोक्यातून पार पुसली गेली. तिने ती कुणालाच सांगितली नव्हती.

"मास्तर, जरा थांबा," ती कशीबशी म्हणाली. "हे कापायचं थांबवा. मी येते."

बाहेर संगमेश भेटला. तिचा चेहरा बघूनच त्याने तिला बाजूला घेतलं. तिने सगळं सांगितलं.

"फोनवरच सांगितलं होतं ना?" संगमेश म्हणाला. "मग कशाला घाबरतीस? शाळेनं सांगितलंच न्हाय म्हण. न्हायतर मास्तरांनी गेल्या वर्षीसारखंच कापलं म्हण. त्यांचं वय झालंय, अण्णा तसेही त्यांच्यावर वैतागलेत. कुणाला खोटं वाटणार न्हाय."

तो वाईट माणूस नव्हता. तिला वाचवायलाच निघाला होता. आणि खरं सांगायचं तर क्षणभर अक्षतालाही ती वाट फार सोपी वाटली. तिने दारातून आत पाहिलं. रावजी मशीन बंद करून, खांद्यावरच्या टॉवेलने कपाळ पुसत, ती येण्याची वाट बघत उभे होते. तिने थांबवा म्हटलं आणि 'का' असं एका शब्दानेही न विचारता ते थांबले होते.

अक्षता वळली आणि सरळ राजेश्वरी मॅडमच्या टेबलाशी गेली.

मॅडमनी पूर्ण ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, धीरही दिला नाही. "अण्णांना तूच सांग," त्या म्हणाल्या. "मी बरोबर येते. बोलणार मात्र तू."

गुरुशांत अण्णा तेव्हा शिलाई विभागात, मशीनवरच्या बायकांच्या मधोमध उभे होते. अक्षताने तिथेच सांगितलं. अण्णांचा आवाज असा चढला की एकेक मशीन बंद होत गेलं. एवढी साधी गोष्ट लक्षात राहत नाही, तर शिकलीस कशाला? शाळा उघडल्यावर पोरांनी काय गुंडाळून जायचं? तुला ठेवून घेतलं हीच माझी चूक! अक्षता खाली मान घालून ऐकत राहिली. एकदा तिने मॅडमकडे पाहिलं. मॅडम हाताची घडी घालून गप्प होत्या. त्यांनी आधी बजावलं होतं, तरीही ते गप्प राहणं तिला अण्णांच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

अण्णा मॅडमना घेऊन केबिनमध्ये गेले. दार लागलं. अक्षता बाथरूममध्ये जाऊन मनसोक्त रडली, तोंड धुतलं आणि बाहेर आली, तर रावजी मास्तर तिलाच शोधत होते.

"पोरी, रडत बसू नको. अजून शिवलेलं न्हाय, नुसतं कापलंय. लहान वर्गाच्या हाफ पँटा निघतील ह्यातनं. थोडं वाया जाईल, पण लई न्हाय. उद्या कळलं असतं तर सगळा ढीग शिवून झाला असता."

केबिनमधून बाहेर आल्यावर मॅडमनी तिच्यापुढे फोन ठेवला. "शाळेला फोन लाव. फुल पँटांना चार दिवस उशीर होईल म्हणून सांग. कारण पण खरं सांग."

पलीकडचे सर आधी कुरकुरले. मग म्हणाले, "आत्ताच सांगितलंत ते बरं झालं. पालकांना तसं कळवतो. गेल्या वर्षी बुटांच्या दुकानदारानं उशिराचं शाळा उघडायच्या दिवशी सांगितलं होतं."

त्यानंतरचे दिवस अक्षता कापडाच्या मागे धावली. गिरणीला फोन केले, कापड आल्यावर मास्तरांच्या टेबलाशी उभं राहून त्याची निळी छटा आधीच्या कापडाशी जुळवली. शाळा उघडायच्या आत फुल पँटा अकलूजला पोचल्या. कुणी शाबासकी दिली नाही. उलट तीन महिन्यांनी नोकरी कायम करायची वेळ आली तेव्हा अण्णांनी तिला आणखी तीन महिने थांबायला लावलं. ती हिरमुसून मॅडमकडे गेली.

"खरं बोलल्याचं बक्षीस मिळत नाही," मॅडम म्हणाल्या. "तुला काय वाटलं, हार घालतील?"

पण एका दुपारी कापडाच्या ताग्यांवर बसून चहा पिताना रावजींनी तिला वेगळंच काहीतरी सांगितलं. त्या दिवशी केबिनचं दार नीट लागलं नव्हतं, आणि ते बाहेरच उभे होते.

"अण्णा तुला काढायला निघाले हुते. मॅडम म्हणाल्या, काढा की. पण नवी आणलीत तर ती बी एकदा विसरणार, आणि ती सांगंलच असं न्हाय. ही सांगणारी हाय. हिला मी तयार करते, माझ्या जबाबदारीवर." रावजींनी कप खाली ठेवला. "आन् माझंबी ऐक. तू माझ्यावर ढकललं असतंस तर अण्णांनी मला घरी बसवलं असतं. दाराबाहेरचं बोलणं माझ्या कानावर पडलं हुतं, तुला तसं कुणीतरी सुचवलं हुतं. तू केलं न्हाईस. देव तुझं भलं करो."

अक्षताने आपला कप बाजूला ठेवला. तिने वाकून त्यांना नमस्कार केला.

दिवाळीनंतर तिची नोकरी कायम झाली. त्या रविवारी तिने राजेश्वरी मॅडमना गावी जेवायला नेलं. त्या आधी 'कशाला उगीच' म्हणाल्या, पण वेळेच्या आधी एसटी स्टँडवर येऊन उभ्या होत्या, तेही काठाची साडी नेसून. अक्षताच्या आईने, चंद्रव्वाने, शेंगदाणे-गुळाच्या शेंगापोळ्या केल्या होत्या. तिचं मराठी कानडी वळणाचं, मॅडमचं तेलुगू वळणाचं. पण दोघींचं पहिल्या घासापासून जमलं.

"माझ्या पोरीला तुमी लई बोलता म्हणं," चंद्रव्वा वाढता वाढता म्हणाली.

अक्षताने डोळे मोठे करून आईकडे बघितलं.

"बोला की," चंद्रव्वा म्हणाली. "आमी तिला कवा बोललो न्हाय. बाहेरचं जग आमी बघितलंच न्हाय, सांगणार काय? तुमी सांगितलंत. लई उपकार झाले." आणि तिने आणखी एक पोळी ताटात घातली, वर तुपाची धार सोडली.

राजेश्वरी मॅडमनी पोळीचा तुकडा मोडला. कारखान्यात कुणालाही गप्प करणारी ती बाई पदराने डोळ्यांची कड टिपत म्हणाली, "तिखट जास्त झालंय." ताटात तर गोड पोळी होती. अक्षताने पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे सरकवला आणि त्यांच्या शेजारी आपलंही ताट वाढून घेतलं.