नाक घरी ठेवून ये

शी! गाडीचं दार उघडल्याबरोबर नाकूच्या तोंडून हाच शब्द निघणार होता. तिनं तो दातांखाली दाबला आणि मुकाट्यानं डिकीतून पिशव्या काढायला लागली.

वास शेवाळाचा नव्हता. मेलेल्या माशाचा नव्हता, की उन्हानं तापलेल्या चिखलाचाही नव्हता. शहराच्या पाणी तपासणीच्या लॅबमध्ये एकोणीस वर्षं घालवलेल्या बाईला असला वास ओळखायला बाटल्या आणि काचपट्ट्या लागत नाहीत. तो सरळ सरळ संडासाचा वास होता. समोर निळंशार तळं, काठावर वकिलाचं लाकडी घर, घरापुढे पाण्यात घुसलेला फळ्यांचा धक्का, सगळं कसं कॅलेंडरवरच्या चित्रासारखं, आणि त्या चित्रातून गुळमट, ओलसर घाण येत होती.

"काय हवा आहे!" वकील छाती फुगवून म्हणाला. घर त्याचं होतं ना!

"मस्तच," सिस्टर म्हणाली. तिनं पर्समधून सेंटची बाटली काढली आणि स्वतःभोवती दोनदा फुसफुसवली.

 मास्तरणीनं आपल्या ब्लाऊजची बाही नाकाशी नेली, खाली सोडली आणि हळूहळू घराच्या पायऱ्यांकडे चालायला लागली.

हे चौघं हॉस्टेलपासूनचे. तेव्हा पडलेली नावं अजून अंगाला चिकटलेली. कोणाचं दूध नासलंय ते कपाट न उघडता सांगणारी ती नाकू. भांडणात दोन्ही बाजूंनी बोलणारा तो वकील, पुढे खराच वकील झाला. सिस्टर हॉस्पिटलात नर्स, मास्तरीण शाळेत गणित शिकवायची. पंचेचाळिशी उलटली तरी उन्हाळ्यातले चार दिवस तळ्याकाठी एकत्र काढायचे, हे कधी चुकलं नव्हतं. आणि या चार दिवसांना एक नियम होता, तोही मास्तरणीनंच घातलेला. सुट्टीत कामाचा शब्द काढायचा नाही. ज्याच्या तोंडून कामाचा शब्द निघेल त्यानं शेवटपर्यंत सगळ्यांची भांडी घासायची. दोन वर्षांपूर्वी वाटेतल्या हॉटेलात नाकूनं सूप तपासायला म्हणून बाटलीत भरून घेतलं होतं, तेव्हा भांडी घासून घासून तिच्या हाताच्या साली निघाल्या होत्या. वर वर्षभर चेष्टा झाली ती निराळीच.

यंदा सिस्टरनं नियमात भर घातली. आजाराचाही शब्द नाही. कारण मास्तरीण आठ महिने कॅन्सरच्या औषधांतून निघून आली होती. डोक्यावर नुकतं बोटभर केस आले होते. डॉक्टर म्हणाले होते, शनिवारपासून पोहायला हरकत नाही, पण पाणी स्वच्छ हवं. अंगात लढायला शिपाईच उरलेले नाहीत, साधा संसर्ग झाला तरी जिवावर बेतेल. तळ्यात मध्यावर एक लाकडी तराफा नांगरलेला होता. दर वर्षी मास्तरीण वकिलाला मागे टाकून तिथे पहिली पोचायची. हॉस्पिटलच्या पलंगावर पडल्या पडल्या ती मनातल्या मनात हात मोजायची, एकशे दहा हात झाले की तराफा. म्हणे औषधापेक्षा त्यानंच ती जगली.

गाडीत बसताना तिनं नाकूच्या गालाला चिमटा काढला होता. "यंदा तुझं नाक घरी ठेवून ये हं. मला चार दिवस नुसतं माणसात राहायचंय."

झालं! नाकूची तिथेच वाचा बसली.

वकिलानं मास्तरणीसाठी खास खालच्या मजल्यावर नवी खोली काढली होती. तिला जिना चढावा लागू नये म्हणून शेजारी नवं संडास-बाथरूम. टाइल्स पांढऱ्याशुभ्र, नळ चकचकीत. "आठवड्यात बांधून घेतलं," तो चारचौघांत सांगत होता. खोलीची खिडकी बरोब्बर धक्क्यावर उघडत होती आणि घरातला सगळ्यात उग्र वास तिथे मारत होता. नाकू उशा ठेवायला आत गेली आणि श्वास कोंडून बाहेर आली. मास्तरीण पलंगावर बसून तिच्याकडे बघत होती. नाकूनं आपली जीभ चावून हसून दाखवलं.

शुक्रवारी दुपारी वकिलानं धक्क्यावरून गळ टाकून चार मासे धरले आणि तळले. नाकू समोर ताट घेऊन बसली. हे मासे काय खाऊन वाढलेत ते तिच्या नाकाला माहीत होतं! माशाच्या तोंडाशी कसला तरी राखाडी तंतू चिकटला होता. गळाला लावलेली कणीक असेल, तिनं स्वतःला समजावलं. पण सकाळीच तिनं धक्क्याच्या खांबाला तसल्याच राखाडी चिंध्या चिकटलेल्या पाहिल्या होत्या. भिजून लोंबणारा कागद होता तो. कसला कागद ते कोणी सांगायला नको. तिनं घास तोंडात घातला आणि पाण्याच्या घोटाबरोबर न चावता गिळला. वकील मिटक्या मारत बोटं चाटत होता. ओकारी यावी असं दृश्य.

सिस्टरनं काट्यांशी खेळत अख्खा मासा तसाच ठेवला. आदल्या संध्याकाळी ती कमरेइतक्या पाण्यात उतरली होती आणि आता दोन्ही पोटऱ्यांवर लालभडक पुरळ घेऊन टेबलाखाली खाजवत होती. तिच्यासारख्या नर्सला ते कशाचं आहे हे कळत नसेल? पण ती मूग गिळून बसली होती.

तेवढ्यात धक्क्याकडच्या दारातून घाणीची झुळूक आली. सिस्टर चटकन उठली आणि तिनं मास्तरणीच्या पाठीमागची खिडकी सताड उघडली. वकिलानं पंखा त्या दिशेला फिरवला. नाकूनं, स्वतःच्याही नकळत, आपली खुर्ची मास्तरणीपासून वीतभर मागे ओढली, कारण झुळूक तिच्या बाजूनं येत होती. मास्तरणीनं ताट उचललं आणि म्हणाली, "मी बाहेर ओट्यावर बसते, आत गरम होतंय." ओट्याच्या अगदी टोकाला, तिघांकडे पाठ करून ती जेवली. मग तिनं आंघोळ केली. सकाळी एकदा झालीच होती. संध्याकाळी पुन्हा केली. आजारपणानं स्वच्छतेचं वेड लागलं असेल, असं नाकूला वाटलं.

भांडी घासायला म्हणून नाकू मोरीशी गेली आणि खिडकीतून बाहेर पाहिलं. धक्क्यापासून पंचवीस पावलांवर एक पंप होता. त्याचा काळा पाइप तळ्यात गेलेला, दुसरा पाइप छतावरच्या टाकीत. प्यायला वकिलानं कॅन आणले होते. पण नळाला, मोरीला, बाथरूमला येतं ते हेच पाणी! याच पाण्यात सकाळी काकडी-टोमॅटो धुतले होते.  तिनं हातातली बशी खाली ठेवली आणि हात पुसायला टॉवेल उचलला, तर टॉवेललाही तोच वास. घरात एक कोपरा स्वच्छ उरला नव्हता.

आणि उद्या शनिवार. सांगावं का? सांगितलं तर मास्तरणीचा तराफा गेला, आठ महिन्यांची आशा गेली. वर वकिलाचं तोंड पडेल, त्यानं एवढं प्रेमानं बाथरूम बांधलं. शिवाय पुरावा काय, नाक? "आली बघा लॅब," म्हणतील. नाकूला वकिलाची किळस आली, सिस्टरची आली, आणि आरशात बघताना स्वतःच्या गोड गोड चेहऱ्याची तर फारच आली.

शनिवारी सकाळी आठला मास्तरीण पोहण्याचा पोशाख घालून, खांद्यावर टॉवेल टाकून ओट्यावर चहा पीत होती. पोशाख अंगावर सैल झाला होता, काखेत पिन लावून तो आवळला होता. नाकूला ती पिन दिसली आणि तिच्या डोक्यात सणक गेली. खड्ड्यात गेला नियम!

मोरीशेजारच्या कपाटात कपड्यांना द्यायच्या निळीची भरलेली बाटली होती. ती उचलून नाकू मास्तरणीच्या बाथरूममध्ये शिरली, सगळी बाटली संडासात ओतली, पाणी सोडलं, फ्लशची टाकी भरेपर्यंत थांबून पुन्हा सोडलं आणि अनवाणीच धक्क्याकडे पळत सुटली. लॅबमधली सगळ्यात जुनी, सगळ्यात सोपी तपासणी. रंग इकडे टाका आणि कुठे निघतो ते बघा.

मास्तरीण धक्क्याच्या टोकाला पोचली होती. एक पाय शिडीवर. वकील आणि सिस्टर टाळ्या वाजवत होते.

"थांब!" नाकू ओरडली. "पाय वर घे! वर घे म्हणते ना!"

शिडीच्या अगदी बुडाशी पाण्यातून निळा ढग वर आला. हळूहळू फुगत, पसरत. त्याच्याबरोबर लोंबता कागद आला, आणि आणखी काय काय आलं ते लिहवत नाही. मास्तरणीनं पाय वर घेतला.

"ही तुझ्या संडासातली नीळ आहे," नाकू धापा टाकत म्हणाली. "आत्ता मीच ओतली. तुझा संडास इथे निघतो. तू जिथे उतरतेयस तिथे."

"कामाचा शब्द काढला," वकील कसनुसं हसत म्हणाला. "भांडी लागली हिला."

"मर तू!" नाकू कडाडली. "तुला माहीत होतं की नव्हतं, एवढं सांग."

वकिलाला आयुष्यात पहिल्यांदा दोन्ही बाजूंनी बोलता येईना. गवंडी म्हणाला होता, मैल्याची टाकी वरच्या अंगाला आहे, सगळं अंगण खणायला तीन आठवडे लागतील. मग पावसाच्या पाण्याचा जुना पाइप होता, त्याला जोडून टाकलं. तात्पुरतं. "तळं केवढं मोठं आहे," तो पुटपुटला. "मला वाटलं, विरून जाईल. हिला जिना चढायला लागू नये एवढंच होतं गं माझ्या मनात."

"आणि तू?" नाकूनं सिस्टरकडे वळून विचारलं.

सिस्टरनं सलवार वर केली. पोटऱ्या सोललेल्या टोमॅटोसारख्या झाल्या होत्या. "कळलं होतं मला," ती म्हणाली आणि रडायलाच लागली. "हिनं माझ्याकडून शपथ घेतली होती, चार दिवस मला पेशंट म्हणू नकोस. मी म्हटलं, नाकू सांगेल. नाकूला तर वास आलाच असेल."

"आला होता," नाकू म्हणाली. "गाडीचं दार उघडलं तेव्हाच."

तिघं एकमेकांकडे बघायचं टाळत उभी राहिली. खाली निळा ढग खांबांभोवती फिरत होता आणि त्यावर माश्या बसायला लागल्या होत्या.

"म्हणजे," मास्तरीण बोलली. आवाज अगदी वर्गात गणित पुन्हा विचारावं तसा होता. "म्हणजे वास तळ्याचा आहे?"

"अगं, मग कशाचा?"

"मला वाटलं, माझा."

"तुझा?" सिस्टरनं विचारलं.

"औषधांनी येतो म्हणे अंगाला. वॉर्डात एकीला यायचा, आम्ही सगळ्या तिच्यापासून लांब बसायचो." ती एकेकाकडे बघत सांगत होती. "हिनं आल्या आल्या सेंट मारला. तू माझ्या खोलीतून श्वास कोंडून पळालीस. जेवताना खिडकी उघडलीत, पंखा फिरवलात, खुर्ची मागे ओढलीत. मी म्हटलं, बिचारे माझं मन राखायला बोलत नाहीत. म्हणून लांब बसले. म्हणून परवापासून दिवसातून तीन तीन वेळा आंघोळ करतेय. घासून घासून."

आंघोळ! सिस्टरनं तोंडावर हात दाबला. वकिलाची नजर काठावरच्या पंपाकडे गेली आणि तो मटकन फळ्यांवर बसला.  त्या तळ्याची घाण धुवून निघाली असती. पण समोरच्या बाईला तीन दिवस स्वतःची किळस वाटत होती आणि तीही या तिघांच्या चांगुलपणामुळे, ती किळस कशानं धुवायची?

"कॅनमधलं पाणी तापव," सिस्टर एकदम नर्सच्या आवाजात वकिलावर ओरडली. "सगळे कॅन. आणि गाडी दाराशी लाव, हिला थेट हॉस्पिटलात न्यायचंय. थर्मामीटर कुठंय माझा?" दोघंही घराकडे धावली.

मास्तरीण नाकूपुढे येऊन उभी राहिली. हात पुढे केला, मनगट नाकूच्या नाकाशी धरलं. कातडी घासून लाल झाली होती, दोन ठिकाणी खरचटली होती.

"वास घे."

"राहू दे गं आता."

"घे म्हणते. आणि खरं सांग. गोड बोललीस तर पुन्हा तोंड बघणार नाही तुझं."

नाकूनं मनगट दोन्ही हातांत धरलं, डोळे मिटले आणि खोल श्वास घेतला.

"वास आहे," ती म्हणाली. "वर साबणाचा. खाली तळ्याचा. तू धुतलंस त्या पाण्याचा."

"आणि माझा?"

"तुझा नाही."

मास्तरणीनं हात मागे घेतला नाही. 

"पुन्हा घे," ती म्हणाली. "नीट घे."