येस म्हणेल त्याने चहा करायचा

वसईची जोसेफिन रुमाव शारजातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवायची. नऊ वर्षांत तिच्या हाताखालून सतरा देशांची मुलं गेली होती. पालक-सभेत कुणाची तरी आई तिचे उच्चार ऐकून नाक मुरडायची, गोऱ्या टीचर नाहीत का असं विचारायची आणि वर्षाअखेर तेच पोर घडाघडा वाचायला लागलं की खजुराचा डबा घेऊन यायची. जोसेफिन डबा ठेवून घ्यायची आणि टोमणाही लक्षात ठेवायची. बाई गोड होती, पण विसरभोळी नव्हती.

मुलांचं तिला कधी अवघड गेलं नाही. तिला घाम फोडला तो दुबईतल्या जबल अली बंदराकडच्या अकरा बाप्यांनी.

झालं असं, की तिच्या वर्गातल्या एका मुलीचे वडील, धनंजय, जबल अलीतल्या एका क्रेनच्या कंपनीत सेफ्टी ऑफिसर होते. त्यांनी गळ घातली की रविवारी सकाळी दोन तास कामगारांच्या कॅम्पवर या आणि आमच्या रिगर लोकांना बोलण्यापुरतं इंग्रजी शिकवा. रिगर म्हणजे माल पट्ट्यांनी बांधणारा आणि क्रेनवाल्याला हाताने खुणा करणारा माणूस. कंपनीने आता नवा नियम काढला होता. तोंडी परीक्षा इंग्रजीत, पास होईल त्यालाच कार्ड, आणि ज्याच्याकडे कार्ड नाही त्याचं काँट्रॅक्ट पुढे वाढणार नाही. दहा जणांची पहिलीच खेप होती. अकरावा किसन. तो एकदा नापास झाला होता आणि त्याच्यापाशी आता एकच संधी उरली होती, पाच आठवड्यांनी.

हा किसन राजापूरकडचा, बेचाळिशीचा, अकरा वर्षं त्याच यार्डात. नुसता हात फिरवून पट्ट्याचं वय सांगणारा. असा माणूस नापास होतो कसा, हे जोसेफिनला कळेना. तेव्हा धनंजयनी सांगितलं. परीक्षकाने चिरलेला पट्टा हातात धरून विचारलं होतं, हा चांगला आहे ना, याने उचलू ना? किसन म्हणाला, येस सर. परीक्षकाने आणखी दोनदा विचारलं. आणखी दोनदा येस सर.

"प्रश्न कळला नव्हता का?" तिने पहिल्याच दिवशी किसनला विचारलं.

"कळला होता की. पट्टा फाटलाय ते तर लांबूनच दिसत होतं."

"मग?"

"साहेब विचारत होते ना, बाई."

बाकीचे तिला मॅडम म्हणत. किसन मात्र गावच्या शाळेतल्यासारखा बाई म्हणायचा आणि ती आत आली की उठून उभा राहायचा.

दुखणं एकट्या किसनचं नव्हतं. कॅम्पच्या मेसमध्ये, डाळीच्या फोडणीच्या वासात वर्ग भरायचा. जोसेफिनने पहिल्या तासाला फळ्यावर दोन ओळी लिहिल्या, समजावल्या आणि विचारलं, समजलं? अकरा तोंडांतून एकसाथ, येस मॅडम. तिला संशय आला. तिने इंग्रजीत विचारलं, आज मंगळवार आहे का? येस मॅडम. मी उंट आहे का? येस मॅडम. बिहारचा खैरुद्दीन, वर्गातला सगळ्यात बोलघेवडा, त्याने तर मान डोलवून दोनदा सांगितलं. जोसेफिन हसली, आणि घरी जाताना गाडीत तिला हसल्याची लाज वाटली. माणसांना इंग्रजी येत नव्हतं असं नाही. वर्षानुवर्षं साहेबाच्या प्रश्नाला एकच उत्तर देऊन त्यांची जीभ त्या वळणाला पडली होती.

नवरा ॲल्फ्रेड गाडी चालवत होता. तो म्हणाला, चार आठवड्यांत काय होणार, सोडून दे. तेरा वर्षांचा सॅव्हियो मागून म्हणाला, "ममा, इट्स युअर हॉलिडे." जोसेफिन दोघांनाही म्हणाली की किसनने कार्ड घेतल्याशिवाय मी हा रस्ता सोडत नाही. तिने एकदा ठरवलं की ठरवलं, हे माहेर-सासर दोन्हीकडे माहीत होतं.

पुढच्या रविवारी तिने नियमच केला. वर्गात येस म्हणायला बंदी. जो म्हणेल त्याने सगळ्यांचा चहा करायचा. खैरुद्दीनने त्या दिवशी तीनदा चहा केला. तिसऱ्या रविवारपर्यंत गडी तयार झाले. ती म्हणायची, आज पाऊस पडतोय, तर दहा जण ओरडायचे, "नो मॅडम!" ओरडून त्यांना इतकी मजा यायची की मेसचा आचारी बाहेर येऊन बघायचा.

किसन ओरडायचा नाही. तो येसही म्हणायचा नाही, नोही म्हणायचा नाही. मान खाली घालून हसायचा. जोसेफिनने डोक्यावर हेल्मेट चढवलं, फोरमन झाली, चिरलेला पट्टा त्याच्या हातात दिला आणि दरडावून म्हणाली, उचल. किसनने मुकाट्याने पट्टा गोणीला लावला. तिचा पारा चढला.

"किसनभाऊ, नाही म्हणालात तर मी काय तुम्हाला खाणार आहे?"

त्याने पट्टा नीट घडी करून टेबलावर ठेवला. "बाई, नाही म्हटलं की माणूस नजरेत येतो. आणि नजरेत आलेला माणूस पहिला घरी जातो. मी बघितलंय."

पुस्तकात असलं काही नव्हतं. तिने हेल्मेट काढलं आणि उरलेला अर्धा तास दुसऱ्यांना शिकवलं. मनातून ती घाबरली होती. हा माणूस सगळं येत असून घरी जाणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

चौथ्या रविवारी वर्ग रंगात आलेला असताना तिचा फोन वाजला. शाळेच्या सुपरवायझर अँजेला मॅडम. सुट्टी असो नसो, त्यांचा फोन उचलावाच लागे. त्या म्हणाल्या, पुढच्या रविवारी सकाळी ॲन्युअल डेची रिहर्सल ठेवली आहे, तू येशील ना? पुढचा रविवार म्हणजे किसनच्या परीक्षेचा दिवस.

"येस मॅम, शुअर मॅम," जोसेफिन म्हणाली आणि फोन ठेवला.

मग खैरुद्दीनने हळूच किटली तिच्यापुढे सरकवली. सगळे खदाखदा हसले. जोसेफिनही हसली, पण तिचं लक्ष किसनकडे गेलं आणि हसू विरलं. तो हसत नव्हता.

"तुम्ही येणार नाही, बाई?" त्याने विचारलं. आवाजात तक्रार नव्हती. जे होणारच होतं ते झालं, असा तो आवाज होता.

जोसेफिनला स्वतःचा भयंकर राग आला. चार आठवडे या माणसाला जे शिकवायला ती घसा कोरडा करत होती, ते तिला स्वतःला कुठे येत होतं? लोका सांगे ब्रह्मज्ञान! तिचंही काँट्रॅक्ट एप्रिलमध्ये संपत होतं. तिलाही नजरेत यायचं नव्हतं.

तिने फोन पुन्हा उचलला, स्पीकर लावून टेबलावर ठेवला आणि नंबर फिरवला. फोन तिने किसनच्या पुढ्यात सरकवला. त्याने प्रत्येक शब्द ऐकावा असंच तिला वाटलं.

"मॅम, जोसेफिन बोलतेय. मघाशी मी चुकून हो म्हटलं. नो मॅम. रविवारी मी येऊ शकत नाही. त्या दिवशी माझ्या एका विद्यार्थ्याची परीक्षा आहे."

पलीकडून अँजेला मॅडम थंडपणे म्हणाल्या, सोमवारी माझ्या केबिनमध्ये भेट. फोन बंद झाला. अकरा माणसं फोनकडे बघत होती, जणू तो आता फुटणार होता. फुटला नाही.

"आता काय होणार, बाई?" किसनने विचारलं.

"माहीत नाही," ती म्हणाली. "पण मी रविवारी इथे असेन." आणि ठरल्याप्रमाणे तिने उठून सगळ्यांचा चहा केला. साखर जास्त झाली. तरी सगळ्यांनी कप रिकामे केले.

सोमवारी तिला केबिनमध्ये अर्धा तास ऐकून घ्यावं लागलं. एप्रिलमध्ये बघू, असं शेवटी अँजेला मॅडम म्हणाल्या. जोसेफिनने सगळं ऐकलं, शब्द मात्र बदलला नाही.

रविवारी यार्डात पत्र्याच्या शेडखाली परीक्षा होती. ती धनंजयबरोबर दोरीच्या अलीकडे उभी राहिली. परीक्षक तोच, उंच गोरा साहेब. आधी त्याने खुणा विचारल्या. त्या किसनने डोळे मिटून केल्या असत्या. मग साहेबाने एक पट्टा पुढे धरला. मधोमध चीर. चांगला पट्टा आहे, लाव आणि उचल, तो इंग्रजीत म्हणाला.

किसनने पट्टा हातात घेतला. चिरेवरून अंगठा फिरवला. मान खाली गेली, आणि जोसेफिनने दोरी घट्ट धरली.

मग त्याने उजवा हात आडवा केला, तळवा जमिनीकडे, आणि डावी-उजवीकडे फिरवला. थांबा, ही क्रेनवाल्याला करायची खूण. "नो सर," तो म्हणाला.

साहेबाने आवाज चढवला. "आय ॲम टेलिंग यू. लिफ्ट."

किसनने आडवा हात खाली घेतला नाही. "नो सर. बेल्ट कट. मॅन अंडर. आय नो लिफ्ट."

साहेबाने कागदावर काहीतरी लिहिलं. आणखी चार प्रश्न विचारले आणि शेवटी म्हणाला, सगळं समजलं ना? किसनने क्षणभर विचार केला. "नो सर. लास्ट क्वेश्चन, अगेन प्लीज." तेव्हा मात्र तो साहेब खळखळून हसला, प्रश्न पुन्हा विचारला, उत्तर ऐकलं आणि कागदावर सही केली.

मेसमध्ये बाकीचे दहा जण वाट बघत होते. त्यांच्या परीक्षा पुढच्या आठवड्यात होत्या, पण आज कुणाला भूक नव्हती. किसन दारात आला. हातात साहेबाच्या सहीचा कागद होता. जोसेफिनचे डोळे भरून आले होते, म्हणून तिने आपला नेहमीचा बाईंचा आवाज काढला आणि इंग्रजीत विचारलं, "किसन, आर यू हॅपी?"

तो तिच्याकडे बघत राहिला. मान खाली गेली नाही.

"येस, बाई," तो म्हणाला.

दहाच्या दहा जणांनी टेबलं बडवली. किसनने कागद घडी करून वरच्या खिशात ठेवला, किटली उचलली आणि चहा करायला गेला.