बोरुबायच्या नावाचं तेल

“चूल पेटवू नगं, वैनी,” म्या म्हणलं. “धूर दिसला की कड्यावरनं गोळी येती.”

अनारबू वैनी कणीक मळतच राहिली. ही माझी शेजारीण. तिचा नवरा बोरुबाय डोंगरावरची मेंढरं आणाय गेला आन् हद्दीपल्याडच्या गोळीनं पडला. कसाबसा पुरला. मग निम्मं गाव ट्रकात बसून पळालं, मुल्लाबी पळाला. म्या राह्यलो, पन घराभाईर पडायचं तर भिताडाच्या आडोशानं, वाकून. आताबी तसाच आल्तो.

“आज गुरवार हाय,” ती म्हणली. “मेलेलं मानूस आज दाराशी येतं. तळणाचा वास न्हाई लागला तर उपाशी माघारी जातं.”

“लढाई हाय. बोरुबाय समजून घील.”

“जित्यापनी कवा समजून घेतलं त्यानं?”

हसली न्हाई. रडलीबी न्हाई. डोळं भिताडावनी कोरडं.

“आन् कुराण कोन म्हननार?” म्या इचारलं.

“तू.”

“मला कुराणातली एकच सुरा येती, तीबी निम्मी. जलम मेंढरांमागं गेला, आमाला धरम कुनी शिकिवला?”

“त्यो तरी कुठं पुरता मुसलमान व्हता? निम्मं चालंल.”

तिनं चूल पेटवली. धूर सरळ वर गेला. म्या भिताडाला चिकटून बसलो. तेल तापलं, पयली रोटी सुटली, आन् म्या हात पसरून सुरवात केली. मधीच अडलो.

“पुढं?”

“पुढं न्हाई.”

“मग फिरून पयल्यापासनं म्हन.”

म्हनलो. पुन्यांदा म्हनलो. तेवढ्यात कड्यावर फाटकन आवाज झाला, भिताडाची माती अंगनात सांडली. वैनीनं रोटी उलटली. म्या थांबलो न्हाई. थांबलो आस्तो तर हाय तेवढंबी इसरलो आस्तो. त्या म्हनन्यात भ्या कवा गळालं, ठावं न्हाई. दुख तसंच व्हतं.

रीतीपरमानं सातवी, शेवटची रोटी निघाली. दुवा पुरी करून दोघांनी तोंडावरनं हात फिरिवलं.

“त्याला पोचलं आसंल का?” म्या इचारलं.

“आता गप खा.”

गरम घास तोंडात हाय तवर भिताडापल्याडनं म्हातारी साल्कीन हाक मारती, “अरं, तुला कुराण येतं व्हय? माझ्या मेलेल्या लेकाचं म्हनायचं राह्यलंय. म्या तेल ठिवते.”

म्या वैनीकडं बघितलं.

“जा की,” ती म्हणली. “ती काय तुला पुढचं इचारनार न्हाई.”

उठलो. साल्कीनचं घर रस्त्यापल्याड. मधी भिताड न्हाई, झाड न्हाई. ताठ चालत गेलो.