आठवीतला कंस

गुंजाळ मास्तरांनी पुण्याहून आलेला लांबलचक कागद टेबलावर पसरला, सतरा नंबरच्या ओळीवर बोट ठेवलं आणि कपाळावर हात मारून घेतला. पुन्हा शेवटचा! सलग दुसऱ्यांदा!

मास्तर आता नावालाच मास्तर होते. कर्जत तालुक्यातल्या एका हायस्कुलात अकरा वर्षं गणित शिकवून ते नगरजवळच्या बाजरी संशोधन केंद्रात आकडेमोडीच्या कामाला लागले होते. नोकरी सुटली तरी खोड सुटली नव्हती. समोरचा माणूस जरा अडखळला की त्यांचा हात अजून छडी शोधायचा.

सतरा नंबर हे सहादेवचं बियाणं. सहादेव केंद्रावरचा मुकादम. कोरडवाहू रानात, जिथं बाकीची बाजरी माना टाकायची तिथं उभी राहिलेली कणसं त्यानं सहा वर्षं एकेक करून निवडली होती. पण मुकादमाच्या बियाण्याला चांगलं रान कोण देणार? बांधाकडेचा पाच गुंठ्यांचा तुकडा त्याच्या पदरात पडला. नामांकित वाणांना वीस-वीस गुंठे. आता शनिवारी पाच वाणांची यादी वर निवड समितीकडे जायची होती. यादीत आलं तर सतरा नंबर यंदाच्या खरिपात गावोगाव पेरलं जाणार. नाही आलं तर उरलेलं पोतं कोंबड्यांना.

मास्तरांनी हिशेब हातानं केव्हाच केला होता. सहादेवच्या तुकड्यात गुंठ्याला पंधरा किलो, बाकीच्यांत दहाच्या आसपास. सतरा नंबर पहिलं! पण केंद्राच्या साहेबांना यंदा पुण्याच्या कॉम्प्युटरचं वेड लागलेलं. मास्तरांना पंधरा दिवस पुण्याला पाठवून मशीनची भाषा शिकवून आणली होती, आणि हातानं केलेले आकडे समितीपुढे ठेवायचेच नाहीत, असं फर्मान काढलं होतं.

"अहो साहेब, बघा तरी," मास्तर कागद घेऊन आत गेले. "हे म्हणतंय गुंठ्याला चार हजार किलो बाजरी! चार हजार! एवढी पिकली असती तर नगर जिल्ह्यानं सगळा देश पोसला असता."

"दशांशचिन्ह सरकलं असेल हो," साहेब फायलीतून मान वर न काढता म्हणाले. "सगळ्यांचंच सरकलंय ना? मग क्रम बरोबर आहे. मशीन चुकत नाही."

"आणि माणूस चुकतो?"

"चुकतो की."

मास्तर पाय आपटत बाहेर आले. पहिल्या वेळी असाच उलटा निकाल आला तेव्हा त्यांनी पुण्याला चार पानी पत्र धाडलं होतं: मशीन तपासून घ्यावे. त्याला उत्तर काय आलं, तर एका ओळीची चिठ्ठी. 'मशीन ठीक आहे. सूत्र तपासावे. – सी. पी. शेख.'

सूत्र तपासावे! आणि हे कुणाला, तर ज्यानं अकरा वर्षं पोरांकडून 'कंचेभागुबेव' घोकून घेतलं त्याला! आधी कंस, मग 'पावचे निम्मे'मधला चे, मग भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. हा क्रम झोपेत विचारला तरी मास्तर चुकले नसते. आणि सूत्र तरी केवढं? कडेचं पीक पाखरं खातात, म्हणून क्षेत्राचा चार पंचमांश वगैरे भागच मोजायचा. धान्याचं वजन भागिले अपूर्णांक चे क्षेत्र. मशीनला 'चे'साठी वेगळी खूण नव्हती, गुणाकाराची चांदणी होती. मास्तरांनी ती घातली. वजनाचा डब्ल्यू भागिले अपूर्णांकाचा एफ चांदणी क्षेत्राचा ए. संपलं! हा सी. पी. शेख म्हणजे कुणीतरी उंटावरचा शहाणा असणार, बाजरी भाकरीतच बघितलेला.

गुरुवारी दुपारी मास्तरांनी अर्जंट ट्रंक कॉल लावला. दीड तासानं घंटी वाजली. सहादेव दारात येऊन उभा राहिला, हातात टोपी धरून.

"हॅलो! मला ते शेख पाहिजेत. सी. पी. शेख!"

"मीच बोलतीय." बाईचा आवाज. मास्तर क्षणभर गडबडले, पण रागाचा गाडा उताराला लागला होता.

"अहो बाई, काय चालवलंय काय तुम्ही? इथं एका माणसाची सहा वर्षं मातीत चालली आहेत आणि तुम्ही सूत्र तपासावे म्हणता? कोण तपासणार माझं सूत्र?"

पलीकडचा आवाज जरा खाली गेला. "गुरुजी, मी चांदबी. पीरमहंमदची चांदबी. तुमच्या वर्गात हुते. हितं मशीनला घालायची भोकांची कार्डं पाडायचं काम करते."

मास्तरांना दोन वेण्यांची, कायम पहिल्या बाकावर बसणारी पोर आठवली. हुशार होती.

"बरं, बरं. मग सांग, कुठं अडतंय तुझं मशीन?"

"कंस पायजे, गुरुजी."

"काय?"

"कंस! एफ आन् एच्या भवती कंस!"

"हॅलो नगर," मधेच एक्स्चेंजमधली बाई घुसली. "पार्टीचं नाव काय म्हणालात? कंस?"

"अहो तुम्ही कशाला मधे येता! कृष्ण नाही, कंस नाही, ठेवा तुम्ही!" मास्तर किंचाळले. "चांदबी, अगं 'चे' असताना कंस कशाला? चे आपोआप आधी होतो!"

"आपल्यात हुतो. मशीनला चे ठावकच न्हाई, गुरुजी. त्याला नुस्ता गुणाकार दिसतो. भागाकार, गुणाकार त्याला सारख्या मानाचे. डावीकडनं जे आधी येईल ते आधी करतंय."

मास्तरांनी समोरच्या कागदावर पेन्सिल टेकवली. सहादेवचे साठ किलो. भागिले शून्य पूर्णांक आठ, पंच्याहत्तर. आणि मग क्षेत्रानं भागायचं सोडून मशीननं पाचानं गुणलं होतं. तीनशे पंच्याहत्तर. वीस गुंठेवाल्यांना वीसनं गुणलं होतं. जेवढं रान मोठं तेवढा वाण थोर! म्हणून बांधाकडेचा तुकडा तळाला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

"तुला हे कधी दिसलं?"

"पयल्याच वेळी."

"मग घातला का नाहीस कंस? दोन खुणांचं तर काम!"

"आठवीत घातला हुता, गुरुजी."

मास्तरांच्या हातातली पेन्सिल थांबली. त्यांना ते सगळं दिसलं. सहामाहीचा पेपर, चांदबीनं 'चे'भोवती नीट काढलेला कंस, उत्तर अगदी बरोबर. आणि त्यावर त्यांची लाल रेघ. 'चे असताना कंस म्हणजे टोपीवर पागोटं,' असं म्हणून त्यांनी सगळ्या वर्गाला हसवलं होतं. दोन गुण कापले होते. वर 'नको तिथे कंस घालणार नाही' हे वाक्य पन्नास वेळा लिहायला लावलं होतं. पोरगी मान खाली घालून लिहीत बसली होती, आणि त्यांना त्याचं काही वाटलं नव्हतं. आज वाटलं. चांगलंच वाटलं.

"तीन मिनिटं झाली," एक्स्चेंजची बाई म्हणाली. "वाढवायची?"

"वाढवा!" मास्तर घाईनं म्हणाले. "चांदबी, घाल. कंस घाल. तेव्हाही बरोबरच होता तो."

"व्हय, गुरुजी. एकच कार्ड बदलायचंय. परवा सकाळच्या एस.टी.नं कागद धाडते."

फोन ठेवल्यावर सहादेव पुढं आला. "घावली का चूक? कुनी घातला हुता ह्यो घोळ? धरून बडवायला पायजे त्याला."

"मीच," मास्तर म्हणाले. "आणि चूक आजची नाही, जुनी आहे."

सहादेवला काही उमगलं नाही. त्यानं टोपी डोक्यावर ठेवली आणि तो बियाण्याच्या पोत्याकडं गेला.

शनिवारी सकाळच्या गाडीनं पाकीट आलं. पंधरा किलो, सतरा नंबर, पहिली ओळ. साहेब म्हणाले, "बघा, मी म्हणत नव्हतो मशीन चुकत नाही?" मास्तरांनी त्यांच्याशी वाद घातला नाही, आणि हे केंद्रात पहिल्यांदाच घडलं. दुपारच्या आत यादी रवाना झाली. सहादेवनं सगळ्यांना चहा पाजला.

पाकीट टाकून द्यायला मास्तरांनी उचललं तेव्हा तळाशी बारीक अक्षरातली एक चिठ्ठी सापडली. 'गुरुजींना सलाम. सूत्रात दोन खुणा जास्त घातल्या आहेत. राग नसावा. – चांदबी.'

मास्तरांनी ती तीनदा वाचली. मग कोरं पोस्टकार्ड घेऊन टेबलाशी बसले. 'चि. चांदबीस अनेक आशीर्वाद' इथवर झरझर आलं. त्यापुढं काय लिहायचं ते कचेरी बंद व्हायची वेळ झाली तरी त्यांना सुचेना.