कपाटातलं खत

आठ महिन्यांत एकही तक्रार आली नाही म्हणून यानिकने केक आणला. यानिक म्हणजे आमचा मालक, वय एकोणतीस, पायात कायम सँडल, हिवाळ्यातसुद्धा. केकवर क्रीमने भलं मोठं शून्य काढलेलं. मीही दोन तुकडे खाल्ले. तेव्हा मलाही ते शून्य आवडलं होतं, खोटं कशाला बोलू.

तक्रार येणार कशी? आम्ही बर्लिनमध्ये कोरडं सेंद्रिय खत विकायचो, घरातल्या कुंड्यांसाठी. एकदा मातीत कालवा आणि तीन महिने विसरा. वेबसाइटवर फोटो टोमॅटोचे. आता मला सांगा, कपाटाच्या आत दिवा आणि पंखा लावून टोमॅटो कोण पिकवतो? सगळे गांजा लावत होते. आम्हाला ठाऊक होतं, त्यांना ठाऊक होतं, पार्सलवाल्यालाही ठाऊक होतं. फोनवर मात्र सगळे टोमॅटोच म्हणायचे. "माझ्या टोमॅटोचा वास जिन्यात येतोय, काय करू?" साल दोन हजार पंधरा. घरात एक झाड सापडलं तरी पोलीस केस. अशा माणसाचं झाड जळो नाहीतर मरो, तो कुणाकडे लेखी तक्रार करणार?

मी नागेश. बार्शीचा. आमचं कृषी सेवा केंद्र आहे, अप्पा चालवतात. मीनलला, म्हणजे माझ्या बायकोला, इथल्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली म्हणून मी आलो. दोन वर्षं घरी बसलो. बीएस्सी ॲग्री आणि बी-वन म्हणजे कामापुरतं जर्मन घेऊन बर्लिनमध्ये काय करायचं, तर भांडी घासायची. मग यानिकची जाहिरात दिसली. मुलाखतीत त्याने विचारलं, "तुमच्याकडे मातीत काय घालतात?"

मी म्हणालो, "पेंड. निंबोळीची, करंजाची, एरंडीची. एरंडीची सगळ्यात स्वस्त आणि जोरदार."

"गेनाऊ! अगदी बरोबर!" असं म्हणून त्याने टेबलावर थाप मारली. "हेच पाहिजे मला. इंडियन विज्डम."

त्याने नाव ठेवलं गंगा-मिक्स. गंगेचा आणि एरंडीचा काय संबंध, ते त्यालाच माहीत. कृती माझी, एरंडीची पेंड साठ टक्के. त्यात यानिकने स्वतःच्या डोक्याने हाडांचा चुरा घातला, झाडाला फुलं जास्त येतात म्हणून. मी मान डोलावली. हाडांच्या चुऱ्यात वाईट काय?

वाईट काय, ते सांगतो. एरंडीच्या पेंडीत विष असतं. तेल काढल्यावर ती नीट तापवली तर उतरतं, नाहीतर राहतं. मातीला त्याचं काही नाही, झाडाला काही नाही, पण खाणारं जनावर मरतं. अप्पांच्या दुकानात त्या पोत्यांवर काही लिहिलेलं नसायचं. पोतं गाडीत टाकताना अप्पा प्रत्येक गिऱ्हाइकाला ओरडून सांगायचे, "गुरांपासून लांब ठेव रे, गोठ्यात नेऊ नको." झालं. मी लहानपणापासून ऐकत आलो. आणि बर्लिनला आल्यावर ते वाक्य माझ्या तोंडून एकदाही निघालं नाही, कारण समोर गुरं नव्हती. इथे गोठा नाही, गव्हाण नाही. कुत्रं सोफ्यावर झोपतं, हे मी रोज बघत होतो. पण माझ्या डोक्यात जनावर म्हणजे बैल.

आमच्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर फ्राऊ हेन्शेल राहतात. साठीच्या, एकट्या, पूर्वी शाळेत संगीत शिकवायच्या. त्यांना मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. रात्री पाय असे आखडतात की किंकाळी बाहेर पडते, आम्हाला खाली ऐकू यायची. त्यांच्या कपड्यांच्या कपाटात दोन झाडं होती. मला कळलं ते वासाने. मी या धंद्यातला, मला कोण फसवणार. एकदा जिन्यात मी म्हणालो, "टोमॅटो छान आलेत वाटतं." त्या पांढऱ्या पडल्या. मग मी हसलो, मग त्याही हसल्या.

त्यांची अडचण वेगळीच होती. बाटलीतलं पातळ खत मोजून घालायला हात स्थिर लागतो, आणि त्यांचा हात कपसुद्धा धरत नव्हता. अर्धी बाटली कपाटात सांडायची. मी गंगा-मिक्सची दोन किलोची पिशवी नेऊन दिली. फुकट. स्वतःच्या हाताने कुंडीत कालवून दिलं. उरलेली पिशवी त्यांनी कपाटाच्या तळाशी ठेवली. त्यांचा ओट्टो, लांबुळका तपकिरी डॅशहंड कुत्रा, माझ्या बुटांचा वास घेत होता.

"याला आवडलात तुम्ही," त्या म्हणाल्या.

मी नाही. त्याला हाडांचा चुरा आवडला होता.

नवव्या दिवशी त्या दारात उभ्या राहिल्या. हातात नुसता पट्टा. ओट्टो दोन दिवस रक्ताची हगवण होऊन गेला. डॉक्टरने तीनतीनदा विचारलं, काय खाल्लं याने? उंदराचं औषध? खत? या म्हणाल्या, नाही.

"पिशवी?" मी विचारलं.

"खाल्ली. चाटूनपुसून. पुडिंगसारखी."

"मग डॉक्टरला का नाही सांगितलं?"

"काय सांगू? माझ्याकडे बाल्कनी नाही, खिडकीत एक कुंडी नाही. खत कशाला आणलं म्हणून विचारलं असतं. तुमच्या पिशवीवर केवढं ते हिरवं पान काढलंय, कुणीही ओळखेल." मग त्यांनी हळूच विचारलं, "हेअर नागेश, त्यात काय होतं?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. पट्टा हाताला गुंडाळत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी यानिकसमोर उभा राहिलो. शुक्रवारी चारशे पिशव्या जाणार होत्या. म्हटलं, "थांबव. पेंड तपासून घे. आणि हाड काढ, नाहीतर पिशवीवर मोठ्या अक्षरात लिही, कुत्रा मरेल."

"कोणाचा कुत्रा?"

"ते सांगता येत नाही."

"आल्झो, असं बघ," यानिक खुर्चीत मागे रेलला. "नाव नाही, पत्ता नाही, डॉक्टरचं पत्र नाही. आणि मी चारशे पिशव्या थांबवू? लेखी आण, नागेश. लेखी तक्रार आली तर मी एका मिनिटात थांबवतो, शपथ."

"तुझं कुठलं गिऱ्हाईक लेखी देणार आहे? अरे, लपूनछपून घेतात ते तुझ्याकडून!"

"आपण टोमॅटोचं खत विकतो," तो म्हणाला. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. मग जरा प्रेमाने म्हणाला, "आणि कृती कुणाची आहे, हे विसरू नको. फाइलवर तुझी सही आहे."

साला. सँडल घालणारा माणूस साधा असतो, असं मला वाटायचं.

पेंडीच्या पुरवठादाराचा दाखला पाहिला. 'तापवलेली' म्हणून शिक्का होता. शिक्का मारायला किती ताप लागतो?

संध्याकाळी फ्राऊ हेन्शेलकडे गेलो. म्हटलं, चार ओळी लिहा. फक्त नाव आणि कुत्रा कसा गेला ते. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"लिहिलं की माणूस येणार. माणूस आला की कपाट उघडणार."

"दोन झाडं आहेत फक्त!"

"ती दोन झाडं आहेत म्हणून मी सकाळी स्वतः संडासला जाते," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कळतंय का, मी काय म्हणते ते?"

"आणि उद्या आणखी शंभर कुत्री मेली म्हणजे?"

"मी नाही दिलं त्यांना खत."

मी ओरडलो. मराठीत ओरडलो, कारण राग आला की माझं जर्मन पळून जातं. आजारी बाईच्या घरात उभा राहून तिच्यावर ओरडलो, जिचा कुत्रा मी मारला होता. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आता जा. दार हळू लावा, खालच्या लोकांना त्रास होतो." खालचे लोक म्हणजे आम्हीच.

घरी मीनल ताटं वाढत होती. मी म्हणालो, "सरकारी ऑफिसात जाऊन मीच सांगतो. पिशवी घेऊन जातो."

तिने पळी खाली ठेवली. "काय सांगणार?"

"की यात विष आहे."

"कुणी घातलं म्हणून विचारतील."

"मी."

"वा!" ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात आपली निडरलासुंगची, इथे कायम राहायच्या परवान्याची अपॉइंटमेंट आहे. सहा महिने थांबलोय त्या तारखेसाठी. आणि हे महाशय स्वतःच्या पायाने जाऊन सांगणार, मी विष विकतो. पोलिसांना वरणभात खायलाच बोलव ना."

"मग काय करू?"

"नोकरी सोड. गप्प बस. दुसरी बघ."

"आणि शुक्रवारचा माल?"

"अरे, तू काय सगळ्या बर्लिनच्या कुत्र्यांचा बाप आहेस का?"

मी जेवलो नाही. तिनेही ताट सारलं. तासाभराने तिनेच विचारलं, "खरंच चाटून खाल्ली त्याने?" मी हो म्हणालो. मग ती म्हणाली, "ऑफिसात जाताना तो निळा शर्ट घाल. हा भिकाऱ्यासारखा दिसतो."

गुरुवारी गेलो. खतांची देखरेख करणारं ऑफिस, लांब कॉरिडॉर, नंबराची चिठ्ठी. टेबलामागे फ्राऊ क्लाइन्श्मिट नावाची बाई, चष्मा साखळीला लटकवलेला. सीलबंद पिशवी टेबलावर ठेवली.

"नुकसान कोणाचं झालं?"

"कुत्र्याचं."

"कुत्र्याचा मालक?"

"सांगू शकत नाही."

"मग तक्रारदार कोण?"

"मी."

"तुमचा कुत्रा होता?"

"नाही."

"तुम्ही ही पिशवी विकत घेतली?"

"नाही."

तिने पेन ठेवलं. "मग तुमचं नुकसान काय? माफ करा, पण हा फॉर्म नुकसान झालेल्यासाठी आहे." मागे रांगेत कोणीतरी खाकरलं. मला वाटलं हे टेबल उचलून उलटं करावं. मेलेल्याला नाव नाही म्हणून मेलेला नाही, हा कुठला न्याय? तीन मिनिटं मी विष, आतडं, रक्त हे सगळं सांगत राहिलो आणि ती बाई शांतपणे मान हलवत राहिली. वाईट नव्हती ती. तिच्याकडे तेवढेच रकाने होते.

शेवटी मी म्हणालो, "हे मी बनवलं. कृती माझी. माझी सही आहे. यात साठ टक्के एरंडीची पेंड आहे, नीट तापवली नसावी असा मला संशय आहे, आणि वर हाडांचा चुरा आहे, म्हणून कुत्री खातात. उद्या चारशे पिशव्या बाहेर जातील."

तिने चष्मा लावला. खणातून दुसरा फॉर्म काढला, पाच पानांचा. "असं आधी सांगायचं ना," ती म्हणाली. "नाव?"

पाऊण तास सगळं भराभर लिहिलं गेलं. पिशवी तपासणीला गेली, दुपारी दोन माणसं गोदामात पोचली, माल जागेवर थांबला. शेवटी तिने विचारलं, "आधी किती विकल्या?"

"तीनशे दहा."

"गिऱ्हाइकांचे पत्ते लागतील. त्यांना आम्ही कळवू."

पत्त्यांची यादी माझ्या बॅगेत होती. सकाळीच छापून घेतली होती. सरकारी शिक्क्याचं पाकीट तीनशे दहा कपाटांच्या दारात जाऊन पडणार. कोणाकडे झाडं आहेत, याची यादी सरकारदरबारी. मला ते आखडलेले पाय आठवले.

"माझ्याकडे नाही," मी म्हणालो. "डाटेनशुत्स. गिऱ्हाइकांची माहिती गुप्त ठेवावी लागते."

"गेनाऊ," ती म्हणाली, पहिल्यांदाच खूश होऊन. "मग कंपनीला लेखी मागू."

म्हणजे महिना जाणार, हे तिलाही माहीत होतं.

यानिकने फोनवरच काढून टाकलं. त्याने मला कुठली शिवी दिली ते मला कळलं नाही, नंतर मीनलने अर्थ सांगितला. शनिवारी सकाळपासून आम्ही दोघं बॅगेतल्या त्या यादीवरून पाकिटं भरत बसलो. चिठ्ठी मी लिहिली, चुका मीनलने काढल्या आणि प्रत्येक चुकीला मला एक टोमणा मारला. चिठ्ठीत एवढंच होतं: घरात कुत्रा असेल तर गंगा-मिक्स आजच फेका. तो खातो आणि मरतो. खाल्लं असेल तर लगेच डॉक्टरकडे न्या आणि सांगा की बाल्कनीतल्या कुंडीतलं खत खाल्लं. तुम्ही काय लावता ते मला नको. खाली माझं नाव, माझा फोन नंबर.

"नंबर कशाला?" मीनल म्हणाली. "पोलीस करतील फोन."

"करू देत."

तिने पाकिटाला जीभ लावली, तोंड वाकडं केलं आणि पुढचं घेतलं.

मंगळवारी फोन वाजला. नंबर लपवलेला. एका माणसाचा आवाज, दबका.

"ते पत्र तुम्हीच पाठवलं?"

"हो."

"माझ्याकडे कुत्रा नाही. मांजर आहे."

"मांजरही मरेल. फेका."

मग कुठलंसं कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि पिशवी चुरगळल्याचा.

"तळाला थोडंसं उरलंय," तो म्हणाला. "पिशवी कोपऱ्यातून कुरतडलेली आहे."

"मांजर कुठेय?" मी ओरडलो. "अहो, मांजर कुठे आहे तुमचं?"

"शोधतो," तो म्हणाला, आणि फोन चालूच ठेवून घरभर हाका मारत फिरू लागला.