दहा सेकंदांच्या आत

पडद्यावरच्या बाईने खिडकीबाहेर बोट दाखवलं.

“बघ ना, तो ढग कसा झोपलाय.”

पडद्यासमोर बसलेल्या तिने घड्याळाची कळ दाबली. पडद्यावरचा नवरा सोफ्यावर बसून बुटात नाडी ओवत होता. पाच, सहा, सात. आठव्या सेकंदाला त्याने मान वर केली, डोळे बारीक केले आणि म्हणाला, “आणि तोही कुशीवर.”

तिने तक्त्यात बरोबरची खूण केली. हाक एक, ओ एक.

संशोधन केंद्राचं ते घर सगळ्यात वरच्या मजल्यावर होतं. एक खोली, ओटा, सोफा, मोठी खिडकी आणि छताच्या कोपऱ्यांत तीन कॅमेरे. नवी जोडपी तिथे एक दिवस राहून जात, आणि सहा वर्षांनी केंद्रातून त्यांना पत्र जाई : अजून एकत्र आहात ना? खालच्या अंधाऱ्या खोलीत बसून ती त्यांचे दिवस बघे. आवाज अगदी बारीक, पडद्यावर सांडलेलं दुपारचं ऊन, आणि काचेच्या पेटीतल्या माशांसारखी संथ फिरणारी, तोंड उघडणारी, मिटणारी माणसं. नियमांच्या पुस्तकात या सगळ्याला लांबलचक नावं होती. ती आणि डॉक्टरबाई मात्र हाक आणि ओ एवढंच म्हणत. हाक म्हणजे काहीही : ढग बघ, चहा गार झाला, माझं नख तुटलं. ओ म्हणजेही काहीही : एखादा शब्द, नजर, नुसता हुंकार. फक्त तो दहा सेकंदांच्या आत यायला हवा. अकराव्या सेकंदाला आलेला ओ शून्य.

“दहाच का?” नवी असताना तिने विचारलं होतं.

“कुठेतरी रेघ ओढायला हवी ना,” डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. “नाहीतर कोण कशाला उत्तर देतंय ते कळायचं कसं?”

आज डॉक्टरबाई दारातूनच डोकावल्या.

“काय गं, ठरलं का? शनिवारी अकराला मला तिकडे कळवायचंय. दोन वर्षं म्हणजे काही जन्मठेप नाही.”

“सांगते.”

“घरी बोललीस?”

“बोलले.”

“मग?”

तिने पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. टोक होतंच. डॉक्टरबाई दार हलकेच ओढून गेल्या.

घरी ती मागच्या शुक्रवारी बोलली होती. नवरा पुस्तकं बांधायचा. घराची पुढची खोली म्हणजेच त्याचं दुकान : पुठ्ठे, दोरे, खळीचं भांडं, आणि मधोमध वडिलांच्या वेळचं लोखंडी दाबयंत्र, पाण्यात बसलेल्या म्हशीसारखं निवांत. तो एका जाड कोशाची शिवण घालत होता. ती उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, “अहो, मला त्या नव्या केंद्रात बोलावलंय. दोन वर्षांसाठी. जाऊ का?”

त्याच्या दातांत दोरा होता. त्याने तो काढला, मेणावरून ओढला, पुन्हा ओढला. मग दाबयंत्राकडे बघत बसला. तिचे ओठ सवयीने हलत होते. दहा झाले तशी ती आत गेली आणि दूध तापायला ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने एक कोरी वही घेतली आणि रकाने आखले. हाकांच्या मानाने ओ निम्म्याच्या खाली गेलेल्या जोडप्यांना सहा वर्षांनी बहुधा दोन वेगळ्या पत्त्यांवर पत्रं टाकावी लागत. तिने स्वतःशी ठरवून टाकलं. आठवडाभर मोजायचं. निम्म्याच्या खाली आलं तर जायचं, आणि परत यायचं की नाही ते तिथे गेल्यावर बघायचं.

“अहो, या कपाचा कान केवढा तापतो, बोट भाजलं माझं.”

शून्य.

“ती खिडकी सारखी वाजते. ऐकू येते ना तुम्हाला?”

शून्य.

“सकाळी समोरच्या भिंतीवर ऊन यायचं. आता तुमचा हा कागदांचा गठ्ठा आड येतो.”

तो पुठ्ठ्यावर खळ फिरवत राहिला. शून्य.

ते दिवस तिला पडद्यावरच्यासारखे दिसायला लागले. छताच्या कोपऱ्यातून कुणीतरी बघतंय आणि खाली दोन माणसं आवाज न करता ये-जा करतायत : एकाच्या हातात वाटी, एकाच्या हातात दोरा. घरातल्या खळीच्या वासात हल्ली तेलाचा वास मिसळला होता. मंगळवारी कधीतरी खिडकी गप्प झाली. वारा पडला असावा.

गुरुवारी नणंद आली. नवऱ्याची थोरली बहीण. सगळे तिला आक्का म्हणत. बसल्या बसल्या तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

“काय गं, बोलतं का आमचं ध्यान तुझ्याशी?”

“बोलतात की.”

“काय बोलतं? लहानपणी याला सोमवारी विचारावं, भूक लागली का रे? तर हा बुधवारी ताट घेऊन हजर! आई म्हणायची, याच्या पोटात टपालखातं आहे.”

नवरा एका पुस्तकाचा कणा चिकटवत होता. त्याने तो बोटांनी दाबून धरला, कडेला आलेली खळ पुसली, ब्रश धुतला.

“मंगळवारी,” तो म्हणाला.

“काय मंगळवारी?”

“बुधवारी नाही. मंगळवारी आलो होतो.”

“घ्या! चाळीस वर्षांनी पोचलं उत्तर!” आक्का हसता हसता खोकायला लागली. तीही हसली, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आक्का गेल्यावर तिने वही उघडून त्या दिवसाची शून्यं लिहिली.

शुक्रवारी संध्याकाळी बेरीज झाली. हाका चव्वेचाळीस, ओ तेरा. तिने खाली दोन रेघा ओढल्या, पट्टी लावून, कार्यालयात ओढतात तशा.

शनिवारी सकाळी नऊला ती चहाचा कप घेऊन खुर्चीत बसली. अकराला काय सांगायचं ते शब्द ती जुळवत होती. अर्धा चहा संपला तेव्हा तिच्या लक्षात आलं, बोट भाजत नाहीये. तिने कप उंच धरला. कपाच्या कानाला मेणाचा दोरा गुंडाळला होता, एकाला एक लागून, गाठ कुठे आहे ते शोधूनही सापडू नये असा.

ती उठून खिडकीपाशी गेली. चौकटीच्या फटीत पुठ्ठ्याची बारीक पट्टी बसवली होती आणि वरून चौकटीच्याच रंगाचा कागद चिकटवला होता. तिने पाठ वळवली. समोरच्या भिंतीवर ऊन आलं होतं, चौकोनी, पिवळं, पाण्यासारखं हलकंसं थरथरणारं. गठ्ठा दाराआड गेला होता.

केव्हा गेला? सोमवारी ती बोलली होती. की रविवारी? तिने वही उघडली. हाकेपुढे दिवस होता, वेळ होती, आणि शून्य. उत्तर कधी आलं ते लिहायला जागाच नव्हती. पानं उलटताना तिला आणखी एक गोष्ट दिसली. त्याने मारलेल्या हाकांचा रकाना तिने आखलाच नव्हता.

पुढच्या खोलीत लोखंड दणकन वाजलं.

ती वहीत बोट ठेवून तशीच बाहेर आली. नवरा जमिनीवर बसला होता, कोपरापर्यंत काळा. शेजारी तेलाची वाटी, तिच्यात बोल्ट. दाबयंत्राचं मोठं चाक निघून भिंतीला टेकलं होतं, आणि चाकाविना ते यंत्र एकदम म्हातारं दिसत होतं.

“अहो, काय करताय हे?”

त्याने पान्हा लावला, दात आवळून फिरवला, बोल्ट वाटीत टाकला. ती उभी राहिली. या वेळी तिचे ओठ हलले नाहीत. भिंतीवरचं ऊन बोटभर सरकलं.

“चार भागांत सुटतं,” तो म्हणाला.

“काय?”

“हे. बाबा म्हणायचे, जन्मात हलणार नाही. बोल्ट गंजलेत नुसते. आठ दिवस तेल पाजतोय.” त्याने कपाळ पुसलं, तिथेही काळं लागलं. “तिकडे तळमजल्यावर जागा मिळेल ना? वरच्या मजल्याला हे झेपायचं नाही.”

तेवढ्यात यंत्र एका अंगाला कलायला लागलं आणि त्याने खांदा लावून ते सावरलं.

“याच्या पायाखाली काहीतरी सार गं. लवकर.”

ती खाली वाकली. हातात होतं तेच पुढे केलं.

“वही चालेल?”

त्याने कडेवर अंगठा ठेवून जाडी अजमावली.

“चालेल. लिहून झालंय ना?”

“झालंय,” ती म्हणाली, आणि वही पायाखाली सरकवली.